एम.एस्सी.च्या दारानं डॉक्टर होता येतं का?

नारायणगडाहून (जि. बीड) एका भगिनीचं पत्र आलं आहे. चांगलं सात पानी आहे, आणि शेवटच्या पानावर ‘उत्तर लवकर द्या’ असं दोनदा लिहून खाली रेघ ओढली आहे. तेव्हा पावसाळ्यात डाळींना होणाऱ्या किड्यांचा या खेपेला ठरलेला विषय पुढं ढकलते. किडे थांबतील, पण या बाईंच्या दारात आलेला माणूस थांबायला तयार नाही.

हकीकत अशी. त्यांची थोरली लेक बारावीनंतर दोनदा ‘नीट’ परीक्षेला बसली. पहिल्या खेपेला घरी अभ्यास करून, दुसऱ्या खेपेला लातूरला खोली घेऊन. एम.बी.बी.एस. मिळण्याइतके गुण दोन्ही वेळा पडले नाहीत. आयुर्वेदाला कदाचित जागा मिळाली असती, पण मुलीनं ती नको म्हटली आणि मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.ला नाव घातलं. आता शेवटचं वर्ष सुरू झालंय. यंदा आषाढीला गडावर नेहमीसारखी गर्दी झाली. धाकटी पंढरीच ती, पंचक्रोशीतली सगळी माणसं तिथं भेटायचीच. त्या गर्दीत दिरांच्या ओळखीचे एक गृहस्थ भेटले. ते ‘ॲडमिशनची कामं’ करतात. त्यांनी सांगितलं, की मुलीला बायोमेडिकल सायन्समध्ये एम.एस्सी. करू द्या. ती झाली की तिला एम.बी.बी.एस.ला थेट दुसऱ्या वर्षात घेतात, ‘नीट’ लागत नाही, अमेरिकेत सगळे असंच डॉक्टर होतात. नोंदणीचे दोन लाख आत्ता, सहा लाख पुढं. बाईंनी भिशीच्या पैशांतून अकरा हजार इसार म्हणून देऊनही टाकलेत. बाकीच्यासाठी रस्त्याकडेची दीड एकर जमीन काढायची बोलणी घरात चालली आहेत. सासूबाईंचं म्हणणं, एवढ्या पैशांत पोरीचं लग्न थाटात होईल. आणि मुलगी? मुलगी काहीच बोलत नाही, असं बाईंनी लिहिलं आहे.

ताई, आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पैसे भरू नका. जमीन काढू नका. भारतात एम.एस्सी.वरून एम.बी.बी.एस.ला जाण्याची कुठलीही वाट नाही. पहिल्या वर्षाला नाही, दुसऱ्या वर्षाला तर नाहीच नाही. शास्त्राची कितीही मोठी पदवी घेतलेली असो, एम.बी.बी.एस.च्या जागेसाठी तिला बारावी झालेल्या पोरापोरींच्या रांगेतच उभं राहावं लागतं, आणि त्या रांगेचं नाव ‘नीट’.

ही परीक्षा प्रथम २०१३ मध्ये झाली, मग कोर्टकचेरीत अडकली आणि २०१६ पासून देशभर पक्की झाली. २०२० पासून दिल्लीचं एम्स आणि पुदुच्चेरीचं जिपमर यांच्या वेगळ्या प्रवेशपरीक्षाही बंद होऊन त्या जागा ‘नीट’वरच भरल्या जाऊ लागल्या. सरकारी कॉलेज असो, खाजगी असो की अभिमत विद्यापीठ असो, देणगीच्या जोरावर ही परीक्षा टाळून एम.बी.बी.एस.ला बसता येत नाही. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांनाही हीच परीक्षा. म्हणजे त्या गृहस्थांनी सांगितलेला रस्ता खडतर आहे, लांबचा आहे असं नव्हे, तो नकाशावरच नाही.

मग त्यांनी हे काढलं कुठून? अशा लोकांच्या बोलण्यात चिमूटभर खरं असतं, म्हणून तर ते गळी उतरतं. इथलं खरं अमेरिकेत आहे.

आपल्याकडे बारावी झाली की मूल सरळ मेडिकलला जातं. अमेरिकेत तसं नाही. तिथं आधी चार वर्षं कॉलेज करून पदवी घ्यायची, मग ‘एमकॅट’ नावाची परीक्षा द्यायची, आणि त्यानंतर चार वर्षांचं वैद्यकीय शिक्षण. पूर्वी तिथंही एवढं कडक नव्हतं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीनं गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांच्यापाशी आधीची कुठली पदवी नव्हती. १९१० मध्ये फ्लेक्सनर नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं तिथल्या वैद्यकीय शाळांची झाडाझडती घेणारा अहवाल लिहिला, त्यानंतर नियम आवळत गेले. आता होतं काय, की एखाद्या मुलानं पहिल्या चार वर्षांत उनाडक्या केलेल्या असतात, गुण मध्यम असतात, पण पुढं मन लावून डॉक्टर व्हायचं असतं. अशांसाठी काही विद्यापीठांनी एक-दोन वर्षांची एम.एस. पदवी काढली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात, बॉस्टन विद्यापीठात अशा पदव्या आहेत. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन असे वैद्यकीय शाळेच्या तोडीचे विषय शिकवतात, काही ठिकाणी तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्याच वर्गात बसवून. तिथं चांगले गुण पाडले, की ‘आता मी सुधारलोय’ असं प्रवेश देणाऱ्यांना दाखवता येतं. बस्स, एवढंच. ती पदवी म्हणजे जुन्या गुणपत्रिकेवर चढवलेलं नवं अस्तर. त्यातूनही प्रवेशाची हमी नाहीच. अर्ज पुन्हा सगळ्यांबरोबर करायचा, एमकॅटही द्यायची.

आणि हे कोणासाठी? मुख्यतः तिथल्या नागरिकांसाठी. न्यू जर्सीत किंवा शिकागोत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींच्या तिथं वाढलेल्या मुलांना हा मार्ग उपयोगी पडू शकतो. इथून व्हिसावर गेलेल्या मुलीला तिथली बहुतेक वैद्यकीय कॉलेजं अर्जच करू देत नाहीत. जी थोडी देतात, त्यांतली काही चारही वर्षांची फी आधी दाखवा म्हणतात. शिवाय त्या एम.एस.ची एकट्या वर्षाची फी आपल्या रुपयांत तीस लाखांच्या पुढं गेली तर नवल नाही. दीड एकर विकून तिथला एक उंबरासुद्धा ओलांडता यायचा नाही.

तेव्हा त्या गृहस्थांनी अमेरिकेतली गोष्ट उचलली, तिची शेंडी-बुडखा कापली आणि बीड जिल्ह्यात आणून विकायला ठेवली.

एक युक्ती सांगते. ते पुन्हा घरी येतील, येणारच. चहा द्या, पोहे द्या, आणि समोर कोरा कागद ठेवा. त्यावर त्यांच्या हातानं लिहून मागा : कोणत्या कॉलेजात एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला ‘नीट’शिवाय प्रवेश देणार, कोणत्या नियमान्वये, आणि दिला नाही तर रक्कम किती दिवसांत परत. खाली सही आणि तारीख. ते लिहिणार नाहीत. ‘असं कागदावर नसतं, वहिनी, ओळखीवर असतं,’ असं काहीतरी म्हणतील. हे ऐकलं की यजमानांना नि दिरांना वेगळं समजावायची गरज उरणार नाही. अकरा हजार परत मागा, तेही चिठ्ठीनं, आणि चिठ्ठीची नक्कल ठेवा. पैसे रोख न देता बँकेतून दिले असतील तर तो पुरावा जपून ठेवा. देईनात तर पोलिसांत तक्रार द्यायला लाजू नका. दिरांच्या ओळखीचा माणूस आहे म्हणून गप्प बसाल, तर आषाढीच्या पुढच्या गर्दीत तो दुसऱ्या कोणाला तरी गाठेल.

आता मुलीचं. मुलगी वाया गेलेली नाही, हे आधी मनात पक्कं धरा. तिच्यासाठी ‘नीट’चं दार अजून उघडं आहे, आणि हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं. पूर्वी पंचवीस वर्षांची अट होती. राखीव प्रवर्गांना तीस होती. २०२२ मध्ये वयाची वरची मर्यादा काढून टाकली. किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही. पात्रतेला तिचं बारावीचं भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी पुरे आहे, बी.एस्सी. केली म्हणून काही बिघडत नाही, आणि बी.एस्सी.च्या गुणांनी काही वाढतही नाही. महाराष्ट्राच्या वाट्याच्या जागांसाठी दहावी-बारावी इथं झालेली असणं आणि अधिवासाचा दाखला ही कागदं मात्र लागतात. ती आत्ताच काढून एका फाइलीत ठेवा. निकाल लागल्यावर तहसील कचेरीत रांग लावणं म्हणजे पाहुणे दारात आल्यावर चूल पेटवणं.

परीक्षेच्या अर्जाची फी दोन हजारांच्या आत असते. दोन लाखांशी ताडून पाहा.

मराठवाड्यातल्या मुलींना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी आपल्या राज्यात मेडिकलच्या जागा विभागवार वाटलेल्या असत, ७० टक्के त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना. मराठवाड्यात कॉलेजं थोडी, त्यामुळे आपल्याकडच्या हुशार पोरांनाही जागा अपुऱ्या पडत. ती वाटणी सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाली. आता राज्याची यादी एकच. आणि जवळची कॉलेजंही वाढली आहेत. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज जुनंच आहे, संभाजीनगरचं त्याहून जुनं, लातूरचंही आहे. शिवाय २०२२ नंतर धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथं सरकारी कॉलेजं सुरू झाली.

खर्चाची भीती असेल तर हेही ऐका. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानं राज्यात व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलींना मोठी सवलत मिळाली आहे. घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास किंवा इतर मागास प्रवर्गातली असेल, तर शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ. वैद्यकीय शिक्षण यात येतं. मात्र प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून झालेला हवा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तर ही माफी नाही. राहणं-खाणं, पुस्तकं यांचा खर्च राहतोच, पण त्यासाठी जमीन विकायला लागत नाही.

इतकं सगळं असलं तरी ‘नीट’ पुन्हा द्यावीच असं मी डोळे मिटून सांगणार नाही. २०२५ साली बावीस लाखांवर मुलं बसली होती आणि देशभरातल्या एम.बी.बी.एस.च्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. आपली लेक हुशार आहे हे प्रत्येक आईला वाटतं, त्यात चूक काही नाही, पण हिशेब हिशेबाच्या जागी. तेव्हा लेकीला तिच्या दोन्ही जुन्या गुणपत्रिका काढायला सांगा. नुसती बेरीज पाहू नका, तिन्ही विषय वेगवेगळे पाहा. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे, बाकीचे निम्मे-निम्मे भौतिक आणि रसायनाचे. जीवशास्त्र बरं असेल आणि भौतिकानं खाली ओढलं असेल (आपल्याकडच्या बहुतेक मुलींचं तसंच असतं), तर सुधारणेला जागा आहे. मधली तीन वर्षं जीवशास्त्रातच गेली आहेत, ते पक्कं झालेलं असणार. पण जीवशास्त्रातच पहिल्यापासून कमी असेल, तर तिसऱ्या खेपेनं चमत्कार होईल असं धरून चालू नका. गुणांची बेरीज दर वर्षी फसवते, हेही लक्षात ठेवा. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी गुण घेणारे सतरा जण होते, आणि २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. पेपर सोपा की अवघड यावर सगळं हलतं. तेव्हा गुण नव्हे, क्रमांक पाहायचा.

वयाचाही हिशेब मांडू. बी.एस्सी. होईल तेव्हा ती बावीस वर्षांची. त्यानंतर एक वर्ष नीट अभ्यास करून तेविसाव्या वर्षी जागा मिळाली, तर साडेचार वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप धरून ती अठ्ठाविसाच्या पुढं-मागं डॉक्टर होते. आधी दोन वर्षं एम.एस्सी. करून मग ‘नीट’ दिली, तर तिशी ओलांडते. जर डॉक्टरच व्हायचं असेल तर मधे एम.एस्सी. घालण्यात काहीही अर्थ नाही. आणि तुमच्या गृहस्थांच्या शब्दावर विसंबलात तर एम.एस्सी. होईपर्यंत दोन वर्षं गेलेली असतील, जमीन गेलेली असेल आणि ‘नीट’चा अभ्यास विसरलेला असेल.

माझं मत विचाराल तर बी.एस्सी. अर्धवट सोडू नये. हातात एक पदवी असलेली मुलगी परीक्षेला वेगळ्या छातीनं बसते. येत्या मे महिन्यातली ‘नीट’ नुसती अंगवळणी पडावी म्हणून द्यावी, कारण विद्यापीठाची परीक्षाही त्याच सुमाराला असणार. त्यानंतर एक वर्ष, फक्त एक, तिला पूर्ण द्यावं. ते वर्ष संपायची तारीख आधीच ठरवावी आणि ती तिनं स्वतः ठरवावी. ‘आणखी एकदा, आणखी एकदा’ करत पोरी खोल्यांमध्ये कोमेजतात, ते मी लातुरात आणि पुण्यातही पाहिलंय.

त्या एका वर्षात घरानं काय करायचं, हे तुम्ही विचारलंच आहे. पुन्हा लातूरला पाठवायलाच पाहिजे असं नाही. जवळच्या कॉलेजातल्या भौतिकाच्या एखाद्या सरांकडे आठवड्यातून तीन दिवस गेली आणि बाकी घरी बसली तरी चालतं, मात्र घर घरासारखं न वागता थोडं वाचनालयासारखं वागलं पाहिजे. परीक्षा दुपारी दोन ते पाच असते. आपल्याकडे ही वेळ जेवून लवंडायची. म्हणून दर रविवारी बरोब्बर दोन वाजता तिला घड्याळ लावून पेपर सोडवायला बसवा, पंख्याशिवाय बसायचीही कधीमधी सवय असू द्या. मे महिन्यात बीडकडचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. त्या तीन तासांत फोन नाही, शेजारीण नाही, टीव्ही नाही. त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा, भात-वरण किंवा ताकातली खिचडी. पुरणपोळी खाऊन भौतिकाची गणितं सुटत नाहीत. चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, म्हणून पेपर तपासताना ‘किती बरोबर’ याबरोबर ‘किती ठिकाणी उगीच हात घातला’ हेही तिला मोजायला लावा. पेपर मराठीतूनही घेता येतो, त्यात इंग्रजीही सोबत छापलेलं असतं. पण तिची बी.एस्सी. इंग्रजीतून असेल तर शब्द इंग्रजीच तोंडी बसलेले असणार, तेव्हा निवड तिच्यावर सोडा.

दळण, पाणी, धुणं यांतून तिला पार मोकळं करू नका, नाहीतर ती दिवसभर पुस्तकापुढे बसल्याचा देखावा करील. तासभर घरकाम तिच्या वाट्याला असू द्या, त्यानं डोकंही उघडतं. लग्नं-बारशी मात्र तुम्ही एकट्या करा. मांडवात कोणीतरी ‘अजून चालूच का हो तुमच्या मुलीचं?’ म्हणून विचारणारच, आणि त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे, तिनं नव्हे. ‘हो, चालू आहे,’ एवढं पुरे. परीक्षेच्या दिवशी अर्ध्या बाह्यांचे साधे कपडे, पायात चप्पल, अंगावर दागिना नको. दारावर तपासणी कडक असते.

परदेशातल्या एम.बी.बी.एस.चा विषय पत्रात नाही, पण एक गृहस्थ हरले की दुसरे ते घेऊन येतात. तिथं जाण्यासाठीही ‘नीट’ उत्तीर्ण असावं लागतं. परत आल्यावर इथं वेगळी परीक्षा, आणि तिच्यात गेल्या काही वर्षांत शंभरातले वीस-पंचवीसच उत्तीर्ण होत आले आहेत. घाईनं हो म्हणू नका.

आता त्या एम.एस्सी.कडे येऊ. मघापासून मी तिच्यावर एवढी तुटून पडले, की वाचणाऱ्यांना वाटेल ही पदवीच खोटी. तसं मुळीच नाही. खोटा आहे तो पूल. पदवी खरी आणि चांगली आहे. दिल्ली विद्यापीठात डॉ. आंबेडकरांच्या नावाचं जैववैद्यकीय संशोधन केंद्र आहे, तिथं बायोमेडिकल सायन्सची एम.एस्सी. आहे. संभाजीनगरच्या विद्यापीठात जीवरसायन आहे. काही वैद्यकीय कॉलेजांत तीन वर्षांची ‘मेडिकल एम.एस्सी.’ असते, त्यात शरीररचना, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र असे विषय डॉक्टरांच्याच विभागात शिकतात. त्यानं पेशंट तपासायचा अधिकार मिळत नाही, नावामागं वैद्य म्हणून ‘डॉक्टर’ लागत नाही. पण प्रयोगशाळा, लसींचे कारखाने, संशोधन, अध्यापन अशी कामं असतात. मेडिकल कॉलेजात अशा शिक्षकांचं प्रमाण किती ठेवायचं याचे नियम २०२० पासून बदलत राहिले आहेत, म्हणून केवळ तिथल्या नोकरीवर डोळा ठेवून ही पदवी घेऊ नये.

या रस्त्यानं गेलेली आपल्यातलीच एक बाई सांगते. कमल रणदिवे. १९१७ मध्ये पुण्यात जन्म, माहेरच्या समर्थ. हुजूरपागेत शिकल्या. वडील फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवत, आणि त्यांची इच्छा अशी की मुलीनं डॉक्टर व्हावं आणि नवराही डॉक्टरच करावा. मुलीनं दोन्ही केलं नाही! वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेतलं, १९३९ मध्ये गणितातल्या रणदिव्यांशी लग्न केलं आणि मुंबईला आल्या. एम.एस्सी. झाली ती लग्नानंतर, १९४३ मध्ये. पीएच.डी. १९४९ मध्ये, टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली. मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवायची विद्या शिकल्या, आणि परत येऊन मुंबईत तशी प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या नात्यावर त्यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम केलं. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्राचं संचालकपद त्यांनी सांभाळलं. १९७३ मध्ये स्त्री-वैज्ञानिकांची संघटना उभी करणाऱ्यांत त्या होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. उतारवयात तुमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणीही त्यांनी करवून घेतली. पेशंटची नाडी त्यांनी कधी धरली नसेल, पण म्हणून त्यांचं आयुष्य डॉक्टरकीच्या दारातून परत फिरलेलं आयुष्य नव्हतं.

हे मी मुलीला समजूत म्हणून सांगा असं म्हणत नाही. ‘डॉक्टर नाही तर नाही, कमल रणदिवे हो,’ असं म्हटलंत तर ती दाराआड जाऊन रडेल. तिला फक्त विचारा. सात पानांत सासूबाई काय म्हणतात, दीर काय म्हणतात, यजमान काय म्हणतात हे सगळं आहे. तुमचं स्वतःचं म्हणणंही ओळींमधून कळतं, ताई, तुम्हाला तिच्या गळ्यात स्टेथोस्कोप पाहायचाय. मुलीचं एकच वाक्य त्यात आहे, आयुर्वेद नको म्हणाली ते. का नको म्हणाली? फक्त एम.बी.बी.एस.च हवं म्हणून, की पेशंट पाहणंच तिला नको आहे म्हणून? या दोन उत्तरांमधून दोन वेगळ्या वाटा निघतात. स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर विचारू नका. गडावर दर्शनाला म्हणून दोघीच जा, येताना सावकाश या. आणि विचारल्यावर तिच्याआधी तुम्ही उत्तर देऊ नका.

सासूबाईंच्या लग्नाच्या बोलण्याचं म्हणाल, तर त्या जमीन वाचवायला बघतात, त्यात त्या चुकत नाहीत. त्यांना आपल्या बाजूला घ्या. जमीन विकायची नाही या मुद्द्यावर सासू-सून एक झाल्या, तर घरात निम्मा प्रश्न मिटेल. लग्नाचं त्या एका वर्षानंतर बघू, एवढं यजमानांकरवी त्यांना सांगा.

जाता जाता, लातूरच्या एका भगिनीनं अशाच विषयावर कार्ड टाकलं आहे. त्यांच्या मुलीनं बारावीला गणित घेतलं, जीवशास्त्र नव्हतं, आणि आता तिला मेडिकलला जायचंय. पूर्वी याला उत्तर ‘नाही’ असं होतं. नोव्हेंबर २०२३ पासून नियम बदलला आहे. बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय मान्यताप्राप्त बोर्डातून उत्तीर्ण झाला तरी ‘नीट’ला बसता येतं. बोर्डाचं विभागीय कार्यालय तुमच्या लातुरातच आहे. जादा विषयाचा अर्ज कधी निघतो आणि प्रात्यक्षिकाचं काय, हे तिथंच जाऊन विचारा, आणि मुलीची बारावीची मूळ गुणपत्रिका सोबत न्या.